थंड मुलखासाठी जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेताना आधी काय पाहावे

फोंड्याहून एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांचे चिरंजीव कॅनडात कॅलगरी येथे स्थायिक झाले असून कुटुंबासह डोंगरात मुक्कामाला जाण्यासाठी त्यांना एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर, विकत घ्यायचे आहे. घरात नवरा-बायको आणि दोन लहान मुले आहेत. उन्हाळ्यात आजी-आजोबाही तिकडे जातात. मे ते ऑक्टोबर फिरायचे आणि जमल्यास बर्फातही एखादी फेरी करायची, असा बेत आहे. ओढायला हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपांतल्या हलक्या वर्गाची, पिकअप घरचीच आहे. चिरंजीवांनी तीन ट्रेलर निवडून छायाचित्रे पाठवली आहेत. पहिला सुमारे १० वर्षांचा, २८ फुटी, मुलांसाठी बंक (एकावर एक पलंग) आणि दोन स्लाइड-आऊट (मुक्कामी बाहेर सरकवून खोली रुंद करणारे भाग) असलेला, अंगावर ‘फोर सीझन’ असे लिहिलेला. दुसरा १९९०च्या सुमाराचा, १७ फुटी, साच्यातून काढलेल्या फायबरग्लासचा. तिसरा हायब्रिड, म्हणजे दोन्ही टोकांना तंबूसारखे कापडी पलंग उघडणारा. या तिघांत सर्वांत उबदार कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे.

उबेची काळजी स्वाभाविक आहे. परंतु जुना ट्रेलर पाहताना तो कोरडा आहे का, हे आधी विचारावे आणि उबदार आहे का, हे नंतर. कॅलगरी ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टात मी बरीच वर्षे ट्रेलरदुरुस्तीचेच काम केले आणि डिचोलीला परतल्यावरही तिकडच्या गोमंतकीय कुटुंबांचे फोन याच विषयावर येत असतात. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, बिघडली तर बदलता येते, खिडक्यांना आतून इन्सुलेशनच्या झडपा करता येतात, टाक्यांना हीटर बसवता येतात. पण भिंतीतले लाकूड आणि जमिनीचे प्लायवूड पाण्याने कुजले असेल, तर दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा ट्रेलरच्या किमतीपलीकडे जातो. शिवाय भिजलेले इन्सुलेशन उष्णता धरत नाही, त्यामुळे ओला ट्रेलर हा थंड ट्रेलरही असतोच. पावसाळाभर बंद राहिलेल्या घरातले कपाट श्रावणात उघडल्यावर जो कुबट वास येतो, तो ओळखणाऱ्या गोमंतकीयाला या परीक्षेची निम्मी तयारी आधीच झालेली असते. ट्रेलरचे दार उघडताच, विक्रेत्याचे बोलणे सुरू होण्यापूर्वी, तोच वास येतो का ते पाहावे. आत सुवासिक फवारा मारलेला असेल किंवा सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवलेल्या असतील, तर अर्धा तास सर्व काही बंद करून ठेवण्याची विनंती करावी आणि मग पुन्हा आत जावे.

या घरांच्या भिंती मुख्यतः दोन तऱ्हेच्या असतात. एका तऱ्हेत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यात इन्सुलेशन आणि बाहेरून नालीदार ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. दुसरीत ॲल्युमिनियमच्या चौकटीत फोम बसवून त्यावर पातळ प्लायवूड आणि फायबरग्लासचा गुळगुळीत थर चिकटवलेला असतो. या दुसऱ्या तऱ्हेत पाणी शिरले की चिकटवलेले थर सुटतात आणि भिंतीला फुगवटा येतो. ट्रेलरच्या कोपऱ्याशी उभे राहून सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात भिंतीवरून तिरकी नजर टाकली, तर तो स्पष्ट दिसतो, आणि दिसला तर पुढे काही तपासण्याचे कारण उरत नाही. पत्र्याच्या भिंतीचे तसे नसते. आतल्या लाकडाचा भुसा झाला तरी पत्रा बाहेरून सरळच राहतो, म्हणून तेथे हातानेच चाचपून पाहावे लागते.

हे चाचपणे कसे करावे, ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण छायाचित्रांतून हे कधीच कळत नाही. पुढच्या पलंगाची गादी उचलून तिच्याखालचा सामानाचा कप्पा रिकामा करायला सांगावा, टॉर्च घेऊन त्यात डोके घालावे आणि जेथे पुढची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन एकत्र येतात, त्या कोपऱ्यात अंगठ्याने जोर लावून दाबावे. निरोगी प्लायवूड दगडासारखे लागते. कुजलेले किंचित दबते आणि बोट काढल्यावर खळगा राहतो. तेथल्या स्क्रूंची डोकी पाहावीत. घराच्या आतल्या स्क्रूला गंज चढण्याचे पाण्यावाचून दुसरे कारण नसते. चारही कोपरे, प्रत्येक खिडकीच्या खालची कड, न्हाणीघराच्या दारातली जमीन आणि मागच्या बंकच्या गादीखालची फळी, इतक्या ठिकाणी हेच करावे. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते, ते सोबत असावे. त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, पण एकाच भिंतीवर एका ठिकाणी आकडा दुपटीने चढला तर त्या जागेचा खुलासा मागावा. सगळीकडे जुने वॉलपेपर आणि एकाच कोपऱ्यात नवे, असे दिसले की माझ्या मनात पहिली शंका ओलाव्याचीच येते.

पाणी शिरते ते बहुतांशी छतावरून. छताचे आवरण रबराचे किंवा टीपीओ नावाच्या प्लॅस्टिकचे असते आणि ते फार क्वचित फाटते. गळतात ते त्यातून वर आलेल्या पाइपांचे, झरोक्यांचे आणि कडांचे सांधे. या सांध्यांवरचे सिलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, उन्हाने आणि गोठण्या-वितळण्याने तडकते, म्हणून दर वर्षी शिडी लावून ते पाहायचे आणि लागेल तेथे नवे भरायचे असते. ‘तुम्ही शेवटचे सिलंट कधी भरले आणि कोणते वापरले’ हा प्रश्न विक्रेत्याला सहज बोलता बोलता विचारावा. ज्याने खरोखर भरले आहे, तो नाव आणि महिना सांगतो, बऱ्याचदा उरलेली नळीही काढून दाखवतो. ज्याने भरलेले नाही, तो ट्रेलर कसा शेडमध्येच असायचा, हे सांगू लागतो. कॅलगरीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे गारपीट. तो सारा पट्टा गारांचाच आहे, आणि १३ जून २०२० तसेच ५ ऑगस्ट २०२४ रोजी शहरावर झालेल्या गारपिटीत घरांच्या भिंतींची आणि मोटारींची चाळण झाली होती. पत्र्यावरच्या खळग्यांनी काही बिघडत नाही, उलट किंमत कमी करून घेता येते. पण छतावरच्या झरोक्यांची प्लॅस्टिकची झाकणे आणि न्हाणीघरावरचा घुमट तडकलेला नाही ना, हे वर चढूनच पाहावे.

पाणी बाहेरूनच येते असेही नाही. बंद ट्रेलरात चार-पाच माणसे रात्रभर झोपली, तर श्वास आणि त्वचेवाटे १ लिटरहून अधिक पाणी हवेत जाते. त्यात गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक झाला की भर पडते, कारण १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. फर्नेसचा धूर बाहेर सोडलेला असतो, त्यामुळे ती घर कोरडे ठेवते; शेगडीचे सारे आतच राहते. म्हणून शेगडी पेटवून ऊब घेणे, हे कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवाशी खेळ तर आहेच, पण त्याने भिंतीही भिजतात. ही वाफ सर्वांत थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते: काच, ॲल्युमिनियमची चौकट, आणि बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या गादीची खालची बाजू. मुलांच्या बंकची गादी उलटी करून पाहिली आणि तिच्यावर काळे ठिपके दिसले, तर त्या ट्रेलरात हिवाळा काढला गेला आहे आणि हवा खेळवण्याकडे कोणी लक्ष दिलेले नाही, असे समजावे. ठिपके गादीवरच असतील तर गादी बदलता येते. फळीवरही असतील तर वर सांगितलेली अंगठ्याची परीक्षा करावी. आपल्या कुटुंबाने मात्र कडाक्याच्या थंडीतही छताचा एक झरोका बोटभर उघडा ठेवण्याची सवय पहिल्या रात्रीपासून लावून घ्यावी. गॅस थोडा जास्त जळतो, पण भिंती वाचतात.

आता ‘फोर सीझन’ या पाटीविषयी. या शब्दांना कोणतीही बंधनकारक व्याख्या नाही. ते उत्पादकाने लावलेले विशेषण आहे. पाटीऐवजी ट्रेलरखाली वाकून पाहावे. पोटाखालून आवरण घातलेले आहे का, सांडपाण्याच्या आणि मैल्याच्या टाक्या त्या आवरणाच्या आत आहेत का, आणि फर्नेसची गरम हवा त्या पोकळीत नेणारी नळी खरोखर आहे का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. नळी आहे असे विक्रेता म्हणाला, तर फर्नेस २० मिनिटे चालू ठेवून पोकळीत हात घालून पाहावा. पुष्कळ ट्रेलरांत टाक्या झाकलेल्या असतात, पण त्यांचे सोडायचे व्हॉल्व उघड्यावर लोंबत असतात, आणि गोठतात ते आधी तेच. पोटाचे आवरण एखाद्या ठिकाणी कापून पुन्हा टेपने चिकटवलेले दिसले, तर आत कशाची दुरुस्ती झाली होती, हे विचारायला संकोच करू नये. स्लाइड-आऊट उन्हाळ्यात सुखाचा असतो. थंडीत त्याच्या कडेच्या रबरी पट्ट्यांतून वारा येतो, त्याच्या जमिनीखाली इन्सुलेशन जेमतेम असते आणि वर बर्फ साचून गोठले तर तो आत घेता येत नाही. थंड मुलखात एक स्लाइड चालवून घ्यावा, दोन नकोत, असे माझे मत आहे.

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, आणि मागच्या मालकाने एका हिवाळ्यात नळ रिकामे करण्याचा कंटाळा केला असेल, तर त्याची शिक्षा पुढच्या मालकाला मिळते. आजच्या पेक्स, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकच्या, नळ्या गोठणे बऱ्यापैकी सोसतात, पण त्यांचे सांधे, पंप आणि नळांची तोंडे फुटतात. १९९०च्या सुमाराच्या ट्रेलरात राखाडी रंगाच्या पॉलिब्युटिलीन नळ्या असण्याची शक्यता असते. त्या दिसल्या तर सगळी नळजोडणी बदलायचा खर्च धरूनच किंमत ठरवावी. परीक्षा सोपी आहे. टाकीत पाणी भरून पंप चालू करावा, सर्व नळ बंद करावेत आणि कान देऊन १५ मिनिटे बसावे. कोणी नळ उघडला नसताना पंप मधेच गुरगुरला, तर कोठेतरी पाणी झिरपत आहे. हिवाळ्यापूर्वी नळ्यांत गुलाबी रंगाचे, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे अँटिफ्रीझ भरतात. मोटारीच्या रेडिएटरमधले विषारी असते, ते येथे चालत नाही. विक्रेत्याला ‘तुम्ही हे कसे करता’ असे विचारून त्यालाच क्रम सांगू द्यावा. पाणी तापवण्याची टाकी आधी रिकामी करून बायपास करायची असते, हे जो न विचारता सांगतो, त्याच्या ट्रेलरचे नळ बहुधा शाबूत असतात.

उष्णतेचा हिशेब गॅस आणि बॅटरी अशा दोन बाजूंनी करावा लागतो. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचे मिश्रण असते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू होणे सोडते, म्हणून आपला सिलिंडर तिकडच्या थंडीत निरुपयोगी ठरला असता. तिकडे निव्वळ प्रोपेन वापरतात, जे उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहते. ट्रेलरच्या पुढे साधारणतः ९ किलोचे दोन सिलिंडर असतात. दर तासाला ३०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचे एकक) फर्नेस अखंड चालली, तर असा एक सिलिंडर सुमारे १४ तासांत संपतो. थंड रात्री ती निम्मा वेळ चालते असे धरले तरी तो दोन रात्रींच्या पुढे फारसा पुरत नाही. हे बहुतेकांना कळते. कळत नाही ते हे की फर्नेसचा पंखा बॅटरीवर चालतो आणि सुमारे ८ अँपिअर वीज घेतो. संध्याकाळी ६ पासून सकाळी ८ पर्यंत निम्मा वेळ चालल्यास ५० ते ६० अँपिअर-तास खर्च होतात, आणि १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून त्याहून जास्त काढणे तिला मारक असते. थंडीत तिची क्षमता आणखी घटते. पहाटे चार वाजता गॅस शिल्लक असून घर गार पडते, त्याचे कारण बहुधा हेच. लिथियम बॅटरी अधिक देते, पण आत हीटर नसेल तर शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, अन्यथा ती कायमची बिघडते. आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असताना थंडीच्या फेऱ्या विजेची जोडणी असलेल्या जागीच कराव्यात. कॅलगरीच्या पश्चिमेला डोंगरात असलेल्या बॅन्फ येथील टनेल माउंटन व्हिलेज दोन ही जागा वर्षभर उघडी असते आणि तेथे वीज मिळते. पाणी मात्र हिवाळ्यात घरूनच भरून नेण्याच्या तयारीने निघावे.

वजनाच्या बाबतीत जाहिरातीतले आकडे फसवे असतात. ‘कोरडे वजन’ म्हणून दिलेल्या आकड्यात पाणी, सामान आणि बऱ्याचदा गॅस व बॅटरीही धरलेली नसते. त्याऐवजी ट्रेलरच्या पाटीवरचे कमाल अनुज्ञेय वजन पाहावे. भरलेला ट्रेलर ३,००० किलोचा असेल, तर त्याच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ३०० ते ४५० किलो भार पिकअपच्या हुकावर यायला हवा. त्याहून कमी आला तर ट्रेलर रस्त्यावर डोलू लागतो. हा भार पिकअपच्या पेलोडमधून, म्हणजे तिच्यावर लादता येणाऱ्या कमाल वजनातून, वजा होतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पाटीवर समजा ७०० किलो पेलोड लिहिले आहे. हुकाचा भार ३८० किलो, चार मोठी माणसे आणि दोन मुले मिळून ३३० किलो, इतक्यातच मर्यादा ओलांडली. हिचचे (ट्रेलर जोडायच्या सांगाड्याचे) आणि सामानाचे वजन अजून धरलेलेच नाही. पिकअप तो ट्रेलर ओढील यात शंका नाही, पण डोंगरउतारावर तो आवरेल का, हा प्रश्न वेगळा आहे.

बाकीच्या गोष्टी लवकर पाहून होतात. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. ट्रेलर बरेच महिने एकाच जागी उभा असतो, त्यामुळे नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षांपलीकडचे टायर बदलायचेच, असे धरून चालावे. बेअरिंगांना वर्षातून एकदा ग्रीस लागते. इलेक्ट्रिक ब्रेक चालतात का, हे पिकअप जोडून पाहावे, आणि पिकअपमध्ये ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक पिकअपमधून चालवणारे यंत्र, नसेल तर तो आधी बसवून घ्यावा. गॅसगळतीच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर मुदतीची तारीख असते. ती उलटली असेल तर किमतीवरून घासाघीस न करता सरळ नवे घ्यावेत.

आता त्या तिघांकडे वळतो. हायब्रिड यादीतून काढावा. कापडाच्या पलंगात थंडी रोखायला काही नाही, आणि बॅन्फच्या पुढे असलेल्या लेक लुईसच्या ज्या जागेवर ट्रेलर उभे करतात, तेथे ग्रिझली अस्वलांमुळे कापडी बाजू असलेल्या ट्रेलरांना परवानगीच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवरच्या त्या ठिकाणी भर उन्हाळ्यातही पारा रात्री शून्याजवळ उतरतो. फायबरग्लासचा १७ फुटी मला मनापासून आवडतो. अशा ट्रेलरांची परंपरा कॅनडात १९६८ पासून, विनिपेगच्या बोलरपासून आहे, आणि ब्रिटिश कोलंबियातल्या आर्मस्ट्राँगचे बिगफूट तर थंडीसाठीच नावाजलेले आहेत. दोनच मोठ्या कवचांचा असल्याने त्याला गळायला सांधे कमी असतात, आणि हाफ-टन पिकअपला त्याचे ओझे वाटत नाही. चौघांना तो पुरेल, सहा जणांना पुरणार नाही. २८ फुटीची जागा सहा जणांना पुरेल, पण दोन स्लाइड आणि वर मांडलेले पेलोडचे गणित पाहता तो घेण्याचा सल्ला मी देणार नाही. पिकअपच्या दारावरची पाटी वाचून चिरंजीवांनी माझे गणित खोटे ठरवले तर गोष्ट वेगळी.

मला विचाराल तर शोध २२ ते २४ फुटांच्या, बंक असलेल्या आणि एकच स्लाइड असलेल्या किंवा एकही नसलेल्या ट्रेलरकडे वळवावा. ओरेगनमधल्या ला ग्रँड गावात बनणारा आर्क्टिक फॉक्स त्या मापात मिळाला तर अवश्य पाहावा. त्याची बांधणी थंडी धरूनच केलेली असते, मात्र तो वजनाला जड असतो. असा ट्रेलर मिळेपर्यंत फायबरग्लासचा १७ फुटी घेऊन, आजी-आजोबा आलेले असतील तेव्हा त्यांच्यासाठी बॅन्फ गावात खोली घेतली, तरी हिशेब वावगा ठरत नाही. रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या माणसाला बंकच्या शिडीपेक्षा ते बरेच सोयीचे.

खरेदीला आपल्याकडे चवथ आटोपते तो काळ उत्तम. सप्टेंबरमध्ये तिकडे मोसम संपत येतो, हिवाळाभर ट्रेलर ठेवायच्या जागेचे भाडे विक्रेत्याला नको असते, आणि तरीही नळांत पाणी सोडून पाहता येईल इतपत ऊब अजून असते. एकदा अँटिफ्रीझ भरून ट्रेलर बंद केला की पाण्याची कोणतीही परीक्षा वसंतापर्यंत करता येत नाही; अशा वेळी घ्यायचाच झाला तर काही रक्कम राखून ठेवून मे महिन्यात तपासणीनंतर देण्याची अट लेखी घालावी. पैसे देण्यापूर्वी ट्रेलरचा व्हिन क्रमांक, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, घेऊन अल्बर्टाच्या कोणत्याही रजिस्ट्री एजंटकडे पर्सनल प्रॉपर्टी रजिस्ट्रीचा शोध करून घ्यावा, म्हणजे त्यावर कोणाचे कर्ज थकलेले आहे का ते कळते. अल्बर्टात प्रांतिक विक्रीकर नाही. डीलरकडून घेतल्यास ५ टक्के जीएसटी पडतो, खासगी व्यक्तीकडून घेतल्यास तोही पडत नाही. वाचलेल्या त्या रकमेतून ट्रेलर तपासणाऱ्या स्वतंत्र तंत्रज्ञाची फी द्यावी आणि तो छतावर चढेल तेव्हा चिरंजीवांनी खाली शिडी धरून उभे राहावे. काय पाहायचे आणि कसे, हे त्यांना त्या एका दुपारीच कळेल.